पाच वर्षांचा पॅच, दहा दिवसांचे कमिट: पोस्टग्रेसक्यूएल १५ मधून एसक्यूएल/जेसन का काढावे लागले

१ सप्टेंबर २०२२ रोजी पोस्टग्रेसक्यूएल या मुक्त डेटाबेसच्या मुख्य शाखेतून आणि १५ च्या शाखेतून एसक्यूएल/जेसनचा, म्हणजे जेसन स्वरूपातला डेटा एसक्यूएल क्वेरीतून हाताळायच्या साधनांचा, सगळा नवा संच मागे घेण्यात आला. तोपर्यंत तीन बीटा, म्हणजे चाचणीसाठीच्या आवृत्त्या, बाहेर पडले होते. मे महिन्यात पहिल्या बीटाची घोषणा झाली, तेव्हा याच वैशिष्ट्याचा उल्लेख ठळकपणे झाला होता. ८ सप्टेंबरला आलेल्या चौथ्या बीटात मात्र ते नव्हते, आणि १३ ऑक्टोबरला आलेल्या अंतिम १५ मध्येही नव्हते. बग सापडला आणि तो दुरुस्त झाला नाही, असा हा सरळ मामला नाही. बहुतेक क्वेऱ्यांची उत्तरे बरोबर येत होती. आक्षेप आतल्या बांधणीवर होता, आणि तो घ्यायला लागणारी माणसे त्या कोडपर्यंत पोचली तेव्हा फीचर फ्रीझ, म्हणजे नवी वैशिष्ट्ये घ्यायची मुदत, उलटून गेला होता.

मागणी कुठून होती

एसक्यूएलच्या २०१६ च्या मानकात जेसनसाठी स्वतंत्र भाग आला. त्यात चार प्रकारची साधने आहेत. जेसन तयार करणारी, म्हणजे जेसन_ऑब्जेक्ट, जेसन_अ‍ॅरे आणि त्यांची अ‍ॅग्रिगेट रूपे. मजकूर वैध जेसन आहे का हे सांगणारे ‘इज जेसन’. आतले मूल्य काढणारी जेसन_व्हॅल्यू, जेसन_क्वेरी आणि जेसन_एक्झिस्ट्स. आणि सगळ्यांत मोठे जेसन_टेबल, जे जेसनच्या दस्तऐवजातून थेट ओळी आणि स्तंभ काढून देते.

जेसन_टेबल ओरॅकलमध्ये १२सी पासून होते, मायएसक्यूएलमध्ये २०१८ च्या ८.० पासून आणि मारियाडीबीमध्ये २०२१ च्या १०.६ पासून. ओरॅकलवरून पोस्टग्रेसक्यूएलवर येणाऱ्या कुठल्याही संघाला हा अडथळा लागायचाच. पुण्या-मुंबईत असे स्थलांतर करणारे संघ थोडे नाहीत. प्रत्येक ठिकाणी जेसनबी_टू_रेकॉर्डसेट किंवा लॅटरल जोडून जेसनबी_पाथ_क्वेरी अशी पर्यायी मांडणी करावी लागे. ती चालते, पण नेस्टेड अ‍ॅरे दोन-तीन पातळ्या खोल गेले की क्वेरी वाचून समजत नाही. म्हणजे मागणी खरी होती. या प्रकरणातली घाई हौसेपोटी झालेली नव्हती, आणि पुढचे वाचताना हे विसरून चालणार नाही.

पॅचचा प्रवास

पोस्टग्रेसक्यूएलचे वर्ष जुलैत सुरू होते. जुलै, सप्टेंबर, नोव्हेंबर, जानेवारी आणि मार्च असे महिनाभराचे पाच कमिटफेस्ट होतात. या काळात नव्या पॅचेसचे, म्हणजे कोडमधल्या प्रस्तावित बदलांचे, परीक्षण करणे हेच सर्वांचे मुख्य काम असते. मार्चचा कमिटफेस्ट संपला की एप्रिलच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात फीचर फ्रीझ लागतो. मेमध्ये पहिला बीटा येतो, त्यानंतर पुढचे बीटा, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये अंतिम आवृत्ती. फ्रीझनंतर नवे काही घेतले जात नाही, फक्त घेतलेले सुधारता येते किंवा काढता येते. यावर देखरेख ठेवायला २०१६ पासून प्रत्येक आवृत्तीसाठी एक छोटा रिलीज मॅनेजमेंट गट नेमला जातो. एखादे वैशिष्ट्य वेळेत सावरत नसेल, तर ते काढण्याचा निर्णय घ्यायचा अधिकार या गटाला असतो.

मोठा आणि गुंतागुंतीचा पॅच शेवटच्या कमिटफेस्टमध्ये पहिल्यांदा आणू नये, असा या प्रकल्पाचा जुना दंडक आहे. एसक्यूएल/जेसनने अक्षरशः पाहिले तर तो मोडला नव्हता. निकिता ग्लुखोव्ह, तेओदोर सिगाएव्ह, ओलेग बार्तुनोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम २०१७ मध्येच पुढे ठेवले होते. त्यातला पाथ-भाषेचा (जेसनमधला हवा तो भाग दाखवणाऱ्या भाषेचा) भाग वेगळा काढला गेला आणि २०१९ च्या आवृत्ती १२ मध्ये आला. उरलेला भाग १३ मध्ये गेला नाही, १४ मध्येही नाही. दर वर्षी पॅच नव्या कोडवर पुन्हा बसवायचा, थोडी चर्चा व्हायची आणि तो पुढच्या कमिटफेस्टला ढकलला जायचा.

पॅच पाच वर्षे यादीत राहिला म्हणून तो पाच वर्षे तपासला गेला असे होत नाही. हजारो ओळींचा पॅच पाहिला की परीक्षक साधारणपणे तीन गोष्टी करतो: तो लागतो का पाहतो, टेस्ट चालवतो, आणि दस्तऐवजातली उदाहरणे करून बघतो. एक्झिक्युटरच्या, म्हणजे क्वेरी प्रत्यक्ष चालवणाऱ्या भागाच्या, गाभ्यात काय बदलले हे ओळीने वाचायला ज्यांची पात्रता आहे, अशी माणसे बोटांवर मोजण्याइतकी असतात आणि त्यांच्यापुढे इतरही पॅच पडलेले असतात. ‘हे नक्की आत जाणार का’ हे ठरत नाही तोवर ते त्यावर आठवडा घालवत नाहीत. परिणामी सगळ्यांत कठोर परीक्षण कमिट झाल्यानंतर, म्हणजे पॅच मुख्य कोडमध्ये उतरल्यानंतर, होते. या प्रकल्पात हे इतक्या वेळा घडले आहे की नियोजन करताना ते गृहीतच धरायला हवे.

२०२२ मध्ये कमिटर (मुख्य कोडमध्ये बदल उतरवायचा अधिकार असलेले) अँड्र्यू डन्स्टन यांनी हे काम कमिट करायला घेतले. सामायिक वाक्यरचना आणि तयार करणारी फंक्शन्स मार्चच्या शेवटच्या आठवड्यात गेली. लगोलग ‘इज जेसन’, मग मूल्य काढणारी फंक्शन्स. ४ एप्रिलला जेसन_टेबल गेले आणि ५ एप्रिलला त्याचे प्लॅन कलम (नेस्टेड भाग कसे जोडायचे हे सांगणारे). ७ एप्रिल अखेर फ्रीझ होता. म्हणजे सुमारे दहा दिवसांत एकावर एक रचलेले अर्धा डझनाहून अधिक मोठे कमिट. एकातली त्रुटी दिसण्याआधी पुढचा थर चढलेला होता.

पहिला आक्षेप: जेसन न वापरणाऱ्यांनाही फटका

पोस्टग्रेसक्यूएल क्वेरीतले प्रत्येक एक्स्प्रेशन छोट्या पायऱ्यांच्या सलग यादीत रूपांतरित करते. ‘स्तंभाचे मूल्य घे’, ‘फंक्शन चालव’, ‘नल असेल तर उडी मार’ अशा त्या पायऱ्या. प्रत्येक पायरीची नोंद एकाच आकाराच्या स्ट्रक्चरमध्ये बसते, आणि ते ६४ बाइटांपलीकडे जाऊ द्यायचे नाही अशी काळजी जाणूनबुजून घेतलेली आहे, कारण नेहमीच्या प्रोसेसरवर कॅशची (आतल्या जलद मेमरीची) एक ओळ ६४ बाइटांची असते. हे स्ट्रक्चर एका युनियनवर, म्हणजे एकाच जागेत वेगवेगळ्या प्रकारची माहिती ठेवणाऱ्या रचनेवर, उभे आहे. त्यातला सर्वांत मोठा सदस्य सगळ्यांचा आकार ठरवतो. एसक्यूएल/जेसनच्या दोन नव्या पायऱ्यांनी आपली सगळी माहिती त्या युनियनमध्येच भरली, आणि त्यासरशी प्रत्येक पायरी फुगली. दोन आकड्यांची बेरीज करणारी पायरीसुद्धा. जेसनचे नावही नसलेली क्वेरी हळू होऊ लागली.

हे पोस्टग्रेसक्यूएलचे डेव्हलपर आंद्रेस फ्रॉइंड यांच्या लक्षात आले. जुलैत त्या दोन्ही पायऱ्यांची माहिती युनियनच्या बाहेर काढून तिथे फक्त पॉइंटर (तिचा पत्ता) ठेवण्यात आला. दुरुस्ती तशी छोटी. पण तिच्या निमित्ताने एक्स्प्रेशनच्या कोडची जाणकार मंडळी या फाइली खोलात वाचू लागली, आणि त्यातून दुसरा, जड आक्षेप पुढे आला.

बीटा वापरणाऱ्या कुणाकडूनही हे कळणे अवघड होते, कारण बीटा चाचणीत माणूस नवे वैशिष्ट्य चालवून बघतो. त्या वैशिष्ट्याशी संबंध नसलेली जुनी क्वेरी १४ वर किती वेळ घेत होती आणि १५ वर किती घेते, हे मोजणारे थोडेच.

दुसरा आक्षेप: ऑन एररची किंमत

मानक म्हणते की जेसन_व्हॅल्यूला ‘पूर्णांक परत दे, आणि न जमल्यास शून्य दे’ असे सांगता आले पाहिजे; हेच ऑन एरर कलम. समजा ऑर्डरच्या दस्तऐवजात किमतीच्या जागी कुणी आकड्याऐवजी ‘बाराशे’ असा शब्द लिहिला आहे. क्वेरी पडता कामा नये, त्या ओळीपुरते शून्य यायला हवे.

पोस्टग्रेसक्यूएलमध्ये त्या वेळी हे सोपे नव्हते. मजकुराचा पूर्णांक करणारे इनपुट फंक्शन चूक दिसताच एरर फेकते, आणि तो एरर लाँगजंपने थेट वर उडतो. मधल्या फंक्शनांना आवराआवर करायची संधी मिळत नाही. घेतलेली मेमरी, धरलेली लॉक, पिन केलेले बफर हे सगळे सोडवायची जबाबदारी ट्रान्झॅक्शन रद्द करणाऱ्या यंत्रणेकडे असते. त्यामुळे एरर नुसता पकडून पुढे चालू लागणे सुरक्षित नाही. सुरक्षितपणे पकडायचा एकच सर्वसाधारण मार्ग होता: आधी आतली सबट्रान्झॅक्शन (चालू ट्रान्झॅक्शनचा वेगळा रद्द करता येणारा भाग) उघडायची, आत रूपांतर करायचे आणि एरर आला तर ती सबट्रान्झॅक्शन रद्द करायची. पीएल/पीजीएसक्यूएल या प्रोसीजर लिहायच्या भाषेतला एक्सेप्शन ब्लॉक हेच करतो.

पॅचने हाच मार्ग घेतला होता. प्रोसीजरमध्ये एकदा-दोनदा हे चालून जाते. पण इथे ते एक्स्प्रेशनच्या आत होते, म्हणजे दर ओळीला, आणि जेसन_टेबलमध्ये दर ओळीच्या दर स्तंभाला. दहा लाख ओळी आणि पाच स्तंभ असतील तर पन्नास लाख वेळा सबट्रान्झॅक्शन उघडायची आणि मिटायची. एकही मूल्य चुकीचे नसले तरी.

दुसरा तोटा समांतर अंमलबजावणीचा. समांतर क्वेरीतले वर्कर, म्हणजे एकच क्वेरी वाटून घेऊन चालवणाऱ्या प्रक्रिया, सुरुवातीला ट्रान्झॅक्शनची स्थिती एकदा जुळवून घेतात, त्यानंतर नवी सबट्रान्झॅक्शन उघडायला तेव्हा परवानगी नव्हती. म्हणून पॅचमध्येच अशी तरतूद होती की एक्स्प्रेशनला सबट्रान्झॅक्शन लागू शकत असेल, तर ते समांतर-असुरक्षित समजावे. वरवर ही शहाणपणाची काळजी वाटते. व्यवहारात तिचा अर्थ असा की मोठ्या टेबलावरच्या अहवालाच्या क्वेरीत एक ऑन एरर कलम घातले, की अख्ख्या क्वेरीचा समांतर प्लॅन जातो. वापरणाऱ्याला कारण कळायलाही मार्ग नाही.

याशिवाय, कुठे सबट्रान्झॅक्शन लागेल आणि कुठे नाही हे ठरवणारे कोड, निरनिराळ्या प्रकारांसाठी रूपांतराचे वेगवेगळे मार्ग आणि जिटसाठीची (क्वेरी चालताना तिचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या सोयीसाठीची) त्यांची जुळणी असा सगळा गुंता एक्स्प्रेशन चालवणाऱ्या फाइलीत उतरला होता. हा भाग पुढे पाच वर्षे सांभाळायचा असतो. पोस्टग्रेसक्यूएलची प्रत्येक मोठी आवृत्ती पाच वर्षे चालते, आणि तिला साधारण दर तीन महिन्यांनी दुरुस्ती-आवृत्ती मिळते. मधल्या काळात बांधणी बदलायची मुभा नसते.

ऑगस्टमधले तीन रस्ते

ऑगस्टमध्ये तीन पर्याय होते. पहिला: सगळे ठेवायचे आणि सबट्रान्झॅक्शनची बांधणी बीटाच्या काळात बदलायची. तसा प्रयत्नही झाला; डेव्हलपर अमित लांगोटे यांनी आंद्रेस फ्रॉइंड आणि इतरांच्या सूचनांवर पॅच लिहिले. त्यातून काम पुढे सरकले, पण बदल इतके खोल होते की ते करणे म्हणजे अंतिम आवृत्तीच्या महिनाभर आधी नवे वैशिष्ट्य लिहिण्यासारखेच. ज्या कारणासाठी फ्रीझ असतो, तेच कारण इथे मोडले असते.

दुसरा: निर्धोक भाग, म्हणजे तयार करणारी फंक्शन्स आणि ‘इज जेसन’, ठेवायचे आणि बाकीचे काढायचे. हा मध्यम मार्ग ऐकायला बरा वाटतो. पण कमिट एकमेकांवर रचलेले होते, सामायिक वाक्यरचनेचा थर सगळ्यांखाली होता. अर्धे काढायचे तर उरलेल्या अर्ध्यासाठी नवे कोड लिहावे लागते, आणि ते कोड कुणीच तपासलेले नसते.

तिसरा: सगळेच मागे घ्यायचे. तोच निवडला गेला, आणि आमच्या मते उशिरा का होईना, निवड बरोबर होती.

एवढे मोठे कमिट उलटवणे हेही सोपे काम नसते. जूनअखेर १५ ची शाखा वेगळी निघाली होती, त्यामुळे काम दोन ठिकाणी करावे लागले. मधल्या पाच महिन्यांत त्या कोडवर झालेल्या दुरुस्त्या उलगडाव्या लागल्या. व्याकरणातले नवे कीवर्ड, दस्तऐवज, टेस्ट, रिलीज नोट्स, सगळे त्यात आले. कॅटलॉगचा (डेटाबेसच्या आतल्या नोंदींच्या मांडणीचा) क्रमांक बदलला, म्हणून बीटा ३ वरून बीटा ४ वर जाणाऱ्यांना डंप-रिस्टोर (सगळे फाइलीत उतरवून पुन्हा भरणे) किंवा पीजी_अपग्रेड करणे भाग होते. त्यातही एक खाच होती. ज्यांनी बीटात जेसन_टेबल वापरून व्ह्यू बांधले होते, त्यांच्या डंपमध्ये ती वाक्यरचना जशीच्या तशी लिहिली जाते, आणि बीटा ४ ला ती ओळखता येत नाही. पीजी_अपग्रेडसुद्धा आतून स्कीमाचा डंपच वापरते, त्यामुळे तेही तिथेच अडते. असे व्ह्यू आधी जुन्या बाजूला ड्रॉप करणे हाच उपाय. बीटावर बांधलेले टिकेलच असे धरून चालायचे नाही, याचा हा रोकडा पुरावा.

दुसरी फेरी: आधी जमीन, मग भिंती

डिसेंबर २०२२ मध्ये, म्हणजे १६ च्या वर्षाच्या ऐन मध्यावर, टॉम लेन आणि अँड्र्यू डन्स्टन यांच्या कामातून ‘सॉफ्ट एरर’ची सोय कमिट झाली. कल्पना साधी आहे. इनपुट फंक्शनला बोलावताना सोबत एक छोटी नोंदवही द्यायची. मजकूर चुकीचा असेल तर फंक्शनने एरर फेकायचा नाही, नोंदवहीत लिहायचे आणि परत यायचे. उडी नाही, म्हणून सबट्रान्झॅक्शनची गरज नाही. त्यानंतर एकेक करून अंगभूत प्रकारांची इनपुट फंक्शन्स या रीतीवर आणली गेली.

या कमिटमध्ये जेसन_टेबल नव्हते, जेसन_व्हॅल्यू नव्हते. रिलीज नोट्समध्ये मिरवण्यासारखे त्यात फारसे नव्हते, आणि त्याची ताकद तिथेच होती. एकच प्रश्न, एकच उत्तर, आणि फ्रीझला चार महिने बाकी. पुढे त्याचे लाभ जेसनच्या बाहेरही मिळाले. १६ मध्ये पीजी_इनपुट_इज_व्हॅलिड हे फंक्शन आले, ज्याने एखादा मजकूर दिलेल्या प्रकारात बसतो का हे क्वेरी न पडता तपासता येते. १७ मध्ये कॉपी आज्ञेला ऑन एरर इग्नोर मिळाले, म्हणजे फाइलमधल्या खराब ओळी वगळून बाकीच्या भरता येऊ लागल्या. २०२२ च्या एप्रिलमधली बांधणी तशीच राहिली असती, तर हे दोन्ही इतक्या लवकर मिळाले असते असे वाटत नाही.

मग मार्च २०२३ अखेर तयार करणारी फंक्शन्स आणि ‘इज जेसन’ आल्वारो हेरेरा यांच्या हातून कमिट झाले आणि सप्टेंबर २०२३ च्या १६ मध्ये बाहेर पडले. मूल्य काढणारी फंक्शन्स आणि जेसन_टेबल त्या वर्षी जाणूनबुजून थांबवले गेले. जुलै २०२३ मध्ये, १७ च्या वर्षाच्या पहिल्याच महिन्यात, काही लहान फंक्शन्स गेली. मार्च २०२४ मध्ये जेसन_व्हॅल्यू, जेसन_क्वेरी आणि जेसन_एक्झिस्ट्स गेले, एप्रिलमध्ये जेसन_टेबल. अमित लांगोटे तोवर स्वतः कमिटर झाले होते. प्लॅन कलम मात्र या वेळी बाहेर ठेवले. १७ मध्ये ते नाही. व्याप कमी करणे हे शेवटपर्यंत उपलब्ध असलेले हत्यार आहे आणि लोक ते फार कमी वापरतात.

आता गंमत अशी की जेसन_टेबलचा दुसरा कमिटही ४ एप्रिललाच झाला, फ्रीझच्या अगदी तोंडावर. नेस्टेड पाथचा भाग तर ८ एप्रिलला. तारीख पाहिली तर २०२२ चीच पुनरावृत्ती. तरीही २६ सप्टेंबर २०२४ ला १७ मध्ये ते सुखरूप बाहेर पडले. बीटाच्या काळात दुरुस्त्या झाल्याच, पण त्या चुकीच्या संदेशांच्या, कडेच्या उदाहरणांच्या. पाया हलवावा लागला नाही.

म्हणून ‘उशिरा कमिट केले, म्हणून बुडाले’ हे निदान अर्धेच खरे. मर्ज आज्ञेचे (एकाच वाक्यात ओळी घालणे, बदलणे किंवा काढणे) बघा. ती एप्रिल २०१८ मध्ये कमिट झाली होती आणि काही दिवसांतच मागे घेतली गेली. नव्याने बांधून ती पुन्हा कमिट झाली मार्च २०२२ च्या अखेरीस, म्हणजे एसक्यूएल/जेसनच्याच आठवड्यात, आणि १५ मध्ये टिकली. उलट ग्रुप बाय मधल्या स्तंभांचा क्रम आपोआप बदलणारी सुधारणा त्याच मार्चअखेर गेली आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला, पहिला रिलीज कँडिडेट (अंतिम आवृत्तीआधीची शेवटची चाचणी-आवृत्ती) निघून गेल्यावर, काढावी लागली. त्यामुळे दुसरा रिलीज कँडिडेट आला. त्या सुधारणेचा सगळा भर तुलना-फंक्शनच्या खर्चाच्या अंदाजावर होता, आणि ते अंदाज भरवशाचे नसतात. म्हणजे फरक पडतो तो यात: शेवटच्या आठवड्यात येणारा पॅच तपासलेल्या पायावर उभा आहे, की पाया आणि भिंती एकाच गाडीतून येत आहेत? दुसऱ्या प्रकारात फ्रीझपूर्वीचा आठवडा ही सर्वांत महाग वेळ. त्या प्रकारचे काम जुलै किंवा सप्टेंबरच्या कमिटफेस्टमध्ये गेले, तर एक्झिक्युटर जाणणाऱ्या माणसाला ते मुख्य शाखेत रोज वापरताना खटकायला सहा-सात महिने मिळतात.

पॅच लिहिणाऱ्यांसाठी

पॅच मालिकेत तोडताना ‘आधी वाक्यरचना, मग फंक्शन्स, मग टेस्ट’ अशी विभागणी बहुतेक जण करतात. त्याऐवजी गाभ्यातल्या बदलाचा स्वतंत्र पॅच काढावा आणि तो एकटा उपयोगी ठरेल असा पुरावा सोबत द्यावा. सॉफ्ट एररसारखा. वेगळा काढताच येत नसेल, तर रचनेत काहीतरी गुंतले आहे असे समजावे.

अभिप्राय मागताना ‘कृपया परीक्षण करा’ याला उत्तर येत नाही. ‘एक्स्प्रेशनच्या आत दर ओळीला सबट्रान्झॅक्शन उघडतो आहोत, हे चालेल का’ या एका ओळीच्या प्रश्नाला येते. तो प्रश्न २०१७ ते २०२१ मध्ये संबंधित माणसांपर्यंत तितक्या टोकदारपणे पोचला असता, तर सॉफ्ट एररचे काम दोन वर्षे आधी सुरू झाले असते असे मानायला जागा आहे. सोबत आकडे द्यावेत: वैशिष्ट्य वापरणाऱ्या क्वेरीचे, आणि न वापरणाऱ्या क्वेरीचेही. पीजीबेंच या वेग मोजायच्या साधनाची साधी केवळ-वाचन चाचणी पॅचशिवाय आणि पॅचसह, प्रत्येकी अनेक फेऱ्या, त्याच यंत्रावर. शिवाय ज्या स्ट्रक्चरला हात लावला त्याचा आकार आधी किती आणि नंतर किती, हे पाहोल नावाच्या साधनाने काढून लिहावे. एवढे केले असते तर पहिला आक्षेप कमिटपूर्वीच पकडला गेला असता.

दुसऱ्यांचे पॅच तपासायचे कर्जही फेडत राहावे. कमिटफेस्टचा अलिखित व्यवहार तसाच आहे: आपल्या पॅचइतक्याच अवघड पॅचचे परीक्षण केले, तर आपल्याकडे कुणी वळते.

बीटा चाचणाऱ्या संघांसाठी

पहिला बीटा मेमध्ये येतो, आणि त्यावरचा अभिप्राय जूनमध्ये गेला तर त्याची किंमत सर्वाधिक असते. ऑगस्टमध्ये सांगितलेल्या गोष्टीवर ‘काढून टाका’ हाच इलाज उरतो.

उत्पादनातला केवळ स्कीमा डंप करून बीटावर भरा. निम्मे प्रश्न तिथेच दिसतात. मग पुरेसा नमुना-डेटा घालून अ‍ॅनलाइझ चालवा (त्याने टेबलांची आकडेवारी गोळा होते) आणि सर्वांत जड वीसेक क्वेऱ्यांचे प्लॅन जुन्या आणि नव्या आवृत्तीवर शेजारी ठेवून वाचा. समांतर वर्कर गायब झालेत का, हे आवर्जून बघा. नव्या वैशिष्ट्याची क्वेरी तपासताना ती एकदा ऑन एररशिवाय आणि एकदा ऑन एररसह चालवा. वेळेत मोठी तफावत असेल तर ते नोंदवण्यासारखे आहे. नोंद करताना आवृत्तीची पूर्ण ओळ, रिकाम्या डेटाबेसवर चालणारी छोटी स्क्रिप्ट, काय अपेक्षित होते आणि काय आले, एवढे पुरे. लॉगचा ढीग कुणी वाचत नाही.

१७ किंवा पुढच्या आवृत्तीवर जाणाऱ्यांनी दोन गोष्टी तपासाव्यात. ओरॅकलवरून येताना अनेकांनी जेसन_व्हॅल्यू नावाचे स्वतःचे फंक्शन लिहून ठेवलेले असते. १७ मध्ये हे नाव कीवर्ड आहे, त्यामुळे नुसत्या नावाने केलेली हाक मानकातल्या फंक्शनकडे जाते. स्कीमाचे नाव पुढे लावून हाक मारली तर आपलेच फंक्शन मिळते. तरी नाव बदलणे उत्तम, कारण सहा महिन्यांनी कुणीतरी स्कीमाचे नाव गाळणारच.

दुसरे: ऑन एरर सगळे एरर गिळत नाही. एखाद्या एक्स्टेन्शनच्या प्रकाराचे इनपुट फंक्शन सॉफ्ट एररच्या रीतीवर आणलेले नसेल, तर ते जुन्याच पद्धतीने एरर फेकते आणि अख्खी क्वेरी पडते. कॉपीच्या ऑन एरर इग्नोरलाही हीच मर्यादा आहे. आपण वापरत असलेल्या एक्स्टेन्शनचा प्रकार घ्या, पीजी_इनपुट_इज_व्हॅलिडला मुद्दाम चुकीचा मजकूर द्या. ‘असत्य’ असे उत्तर आले तर तो प्रकार सुधारलेला आहे. क्वेरीच एरर देऊन पडली, तर त्या एक्स्टेन्शनच्या लेखकांना कळवा आणि तोवर ते मूल्य टेक्स्ट म्हणून काढून पुढच्या पायरीत तपासा.